शंकेखोराची पहिली पोस्टिंग

मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जास्तीचा आवाज, ऐकायला आम्ही मेडिकलचे सहा विद्यार्थी एका खाटेभोवती उभे होतो. सरांनी त्यांचा स्टेथो पहिल्या मुलाच्या हातात दिला. "मायट्रल एरियावर ठेव, नीट ऐक आणि पुढे दे." स्टेथो फिरत गेला. "आला?" "हो सर." "तुला?" "हो सर." मी चौथी. मर्मर सोडाच, मला हृदयाचे साधे ठोकेही ऐकू आले नाहीत. तरी मी "हो सर" म्हणाले. सहावाही "हो सर" म्हणाला. मग रेसिडेंट मॅडमनी, म्हणजे पुढचं शिकत वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी, स्टेथो हातात घेतला, त्याच्या पडद्यावर बोटाने टकटक केली आणि हसू आवरत म्हणाल्या, "सर, याचं डोकं फिरलंय." पहिल्या मुलाच्या हातात येता येता छातीवर ठेवायची चकती अर्धा फेरा फिरली होती आणि पडद्याची बाजू बंद झाली होती. सहाही जणांनी मुक्या स्टेथोतून मर्मर ऐकला होता.

मराठीत डॉक्टरलाही चिकित्सक म्हणतात आणि प्रत्येक गोष्टीचा कीस काढणाऱ्यालाही. मी दुसऱ्या अर्थाने चिकित्सक आहे अशी माझी पक्की समजूत होती. वर्गात 'पुरावा काय?' हा माझा आवडता प्रश्न. अशी मी, आणि वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात ही गत. तुमचाही स्वभाव असाच असेल आणि वॉर्डातली पोस्टिंग सुरू होणार असेल, तर या पायऱ्या तुमच्यासाठी. स्वभाव तसा नसला तरी पहिल्या दोन पायऱ्या वाचाच.

पायरी १: आधी स्वतःच्या 'हो'वर शंका घ्या

स्टेथो छातीवर ठेवण्याआधी पडद्यावर टिचकी मारा. आवाज आला तर पुढे. कानात घालायची टोकं नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. उलटी घातली की अर्धा आवाज तिथेच जातो. चढ्या पट्टीतले आवाज पडद्याने ऐकायचे, खालच्या पट्टीतले चकतीच्या दुसऱ्या, घंटेसारख्या बाजूने. घंटा अलगद टेकवायची, दाबायची नाही. दाबली की खालची कातडी ताणली जाते आणि तीच पडद्यासारखी वागू लागते. मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होण्याचा) मर्मर खर्जातला असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून थांबायला सांगून, घंटेने ऐकल्याशिवाय तो सहसा हाती लागत नाही. हे सगळं करूनही ऐकू आलं नाही तर म्हणायचं वाक्य एवढंच: "सर, मला नाही आला, परत दाखवाल का?" पहिल्यांदा घसा कोरडा पडतो. पण आपल्या मागच्या दोघांनाही ऐकू आलेला नसतो, हे लगेच कळतं.

हीच गोष्ट श्वास मोजण्याची. एका वॉर्डात मी तक्ते चाळत बसले होते. नाडी वेगवेगळी, बीपी वेगवेगळं, ताप वेगवेगळा, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे २०. म्हातारे, तरणे, दम्याचे, मोडल्या पायाचे, झाडून सगळे मिनिटाला वीस श्वास घेत होते. त्या दुपारी सिस्टर एका खाटेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा मला बरा दिसत नाहीये." तक्त्यात काहीच वावगं नव्हतं. सिस्टरांना उगाच वाटत असेल असं माझ्या मनात आलं. तरी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. ३२. पुढच्या तासाभरात त्या रुग्णाला आयसीयूत हलवलं. तेव्हापासून मी पंधरा सेकंद मोजून चारने गुणत नाही. आणि सिस्टरांच्या 'वाटण्या'वर शंका घेत नाही, निदान मोजल्याशिवाय तरी नाही.

पायरी २: केसपेपर नंतर उघडा

खाटेशी जाताना पहिला मोह केसपेपर वाचण्याचा होतो. वाचू नका. त्यावर निदान लिहिलेलं असतं, आणि एकदा ते वाचलं की आपण रुग्णाला तपासत नाही, निदानाला दुजोरा शोधत बसतो. 'न्यूमोनिया' वाचून छातीला स्टेथो लावा, दोन्ही बाजूंना करकर ऐकू येईल.

मी एक छोटी वही ठेवते. डाव्या पानावर माझा अंदाज आणि त्याची खात्री टक्क्यांत: 'अपेंडिक्स, ७० टक्के.' उजव्या पानावर, दोन दिवसांनी, खरं काय निघालं ते. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही, कारण वही कँटीनमध्ये विसरतेच. टक्के लिहायला लाज वाटते, पण तेच कामाचं असतं. 'काहीतरी पोटाचं' असं लिहिलं तर चूक पकडता येत नाही. ७० टक्के लिहिलं की पकडता येते. माझ्या वहीतल्या ९० टक्केवाल्या नोंदी सगळ्यात जास्त बोचऱ्या निघाल्या.

मग केसपेपर उघडा, आणि आता त्याच्याकडेही तिरक्या नजरेने बघा. जुन्या कागदावरून नव्यावर, नव्यावरून त्याहून नव्यावर अशी वाक्यं वर्षानुवर्षं प्रवास करतात. सगळ्यात लांबचा प्रवास करणारं वाक्य म्हणजे 'पेनिसिलिनची ॲलर्जी.' ज्यांच्या कागदावर हा शिक्का असतो, त्यांची रीतसर तपासणी केली तर दहातल्या साधारण नऊ जणांना ते औषध व्यवस्थित चालतं. लहानपणी तापात पुरळ आलं, त्या वेळी औषधही चालू होतं, एवढ्यावर शिक्का बसतो. मग त्या माणसाला पुढे जन्मभर दुय्यम, जास्त घातक किंवा उगाच जास्त जंतू मारणारं औषध मिळत राहतं. तुम्ही विद्यार्थी आहात, शिक्का पुसायचा अधिकार तुम्हाला नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. खरी ॲलर्जी जीव घेते. पण विचारू नक्की शकता. नेमकं कोणतं औषध होतं? घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला? काय झालं, फक्त मळमळ की अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप? किती वर्षांपूर्वी? त्यानंतर कधी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच कुळातलं औषध) घेतलं का आणि काय झालं? उत्तरं लिहून रेसिडेंटना दाखवा. माझ्या आजवरच्या पोस्टिंगमध्ये माझा खरा उपयोग झाला अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

पायरी ३: रुग्णाला दोन मिनिटं द्या

१९८४ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. रुग्ण तक्रार सांगायला लागल्यावर डॉक्टरांनी त्याला सरासरी १८ सेकंदांत तोडलं होतं. ७४ पैकी फक्त १७ भेटींत रुग्णाचं पहिलं म्हणणं पुरं झालं. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये कोणी उलटं करून पाहिलं: डॉक्टरांना मधे न बोलण्याची ताकीद दिली. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलून आपणहून थांबले.

तेव्हा पहिली दोन मिनिटं गप्प बसा. तुमच्याकडे वेळच वेळ आहे. अख्ख्या वॉर्डात वेळ असलेला माणूस फक्त विद्यार्थी.

इथे शंकेखोरांसाठी एक खास खड्डा आहे. आपली शंका ज्याचा आवाज सगळ्यात बारीक त्याच्यावर जाऊन बसते. "दुखणं दहापैकी दहा म्हणते आणि मोबाइल बघतेय," हे वाक्य तुम्ही ऐकाल आणि मागे हसाल. मी हसले आहे. वर्षानुवर्षं दुखणं घेऊन जगणारा माणूस दुखत असतानाच मोबाइल बघतो, बोलतो, पोरांना हाका मारतो. त्याने दुसरं काय करायचं? तुमच्या शंकेचा कोटा सरांच्या गृहीतकांवर, छापील रिपोर्टवर आणि स्वतःच्या कानांवर खर्चा. दुखतं म्हणणाऱ्यावर शेवटी, उरलाच तर.

पायरी ४: राउंडला तोंड कधी उघडायचं

हे मी सगळ्यात महागात शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हार्ट अटॅक येऊन गेलेले एक काका होते. नाकाला ऑक्सिजनचा मास्क, बोटाला लावलेल्या यंत्रावर ९७. मला आदल्याच रात्री वाचलेलं आठवलं: स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. हार्ट अटॅकची शंका असलेल्या, पण ऑक्सिजनची पातळी ९० किंवा त्याहून वर असलेल्या रुग्णांना सरसकट ऑक्सिजन देऊन काही फायदा दिसला नाही. वर्षभरात दगावलेले एका गटात ५.० टक्के, दुसऱ्यात ५.१. मी खाटेशीच म्हणाले, "सर, याचा काहीच उपयोग नाहीये ना?" सर चिडले नाहीत. "बरोबर आहे, दुपारी काढू," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुपारी सिस्टरांनी मला बोलावलं. काकांनी मास्क काढून उशीखाली ठेवला होता. ते ठीकच. पण गोळ्यांचा कागदी कपही तसाच भरलेला होता. "ताई, तुम्हीच म्हणालात ना, उपयोग नाही म्हणून? मग या कशाला?" त्या गोळ्यांत रक्त पातळ करणारी होती, जी चुकवणं खरोखर धोक्याचं. सिस्टर तासभर त्यांच्याशी बोलत बसल्या, तेव्हा त्यांनी ती घेतली. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "प्रश्न विचारायला व्हरांडा आहे."

माझा मुद्दा बरोबर होता आणि माझं वागणं चूक होतं. दोन्ही एकाच वाक्यात. म्हणून आता माझे नियम असे.

खाटेशी विचारायचा प्रश्न रुग्णाने ऐकला तरी चालेल असाच हवा. बाकीचे व्हरांड्यात. रुग्ण अत्यवस्थ असताना सांगितलं ते करायचं, शंका नंतर. याला अपवाद एकच: चुकीचा माणूस, चुकीची बाजू, चुकीचं औषध किंवा नोंदवलेली ॲलर्जी असताना तेच औषध भरलं जातंय असं दिसलं, तर त्याच क्षणी, मोठ्याने, कोणासमोरही बोलायचं. आपण चुकलो तर दोन मिनिटांची शोभा होते, बस.

आणि 'पुरावा काय?' हा प्रश्न टाकून द्या. समोरचा त्यात आव्हान ऐकतो आणि अधिकाराने उत्तर देतो. मी त्याऐवजी तीन प्रश्न वापरते. "हा रिपोर्ट उलटा आला असता तर आपण काय वेगळं केलं असतं?" "या औषधाने काय सुधारावं, आणि ते आपल्याला कधी कळेल?" आणि तिसरा, सगळ्यात साधा: "हे कधीपर्यंत चालू ठेवायचं?"

तिसऱ्याची ताकद कमी लेखू नका. वॉर्डात गोष्टी सुरू करायला कोणीतरी लागतं, बंद करणं कोणाचंच काम नसतं. लघवीची नळी हे त्याचं उत्तम उदाहरण. ऑपरेशनच्या दिवशी घातली, तेव्हा कारण होतं. चौथ्या दिवशी रुग्ण चालतोय आणि नळी तशीच आहे, दर दिवसाला संसर्गाची शक्यता वाढते आहे, आणि चादरीखाली असल्यामुळे राउंडला ती कोणाला दिसतही नाही. रोज सकाळी चादरीखालची नळी आणि रुग्णाच्या हाताला लावलेली सुई बघा आणि रेसिडेंटना विचारा, "ही अजून कशासाठी आहे?" या प्रश्नावर मला आजवर कोणी ओरडलेलं नाही. उलट "अरे हो, काढा की," हेच उत्तर जास्त वेळा मिळालं.

पायरी ५: रिपोर्टवरचा तारा

प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला की तारा मारलेला आकडा आधी दिसतो. तो तारा कसा लागतो ते लक्षात ठेवा. बहुतेक चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादा निरोगी माणसांतले मधले ९५ टक्के त्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे धडधाकट माणसालाही एका चाचणीत तारा लागायची शक्यता वीसात एक. आता 'रुटीन पाठवा' म्हणून एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या पाठवल्या, तर सगळ्या नॉर्मल येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्केच उरते. निरोगी शंभर जणांतले ६४ जण एक तरी तारा घेऊन घरी जाणार. मग त्या ताऱ्यासाठी पुढची चाचणी, तिच्या सावलीसाठी स्कॅन, स्कॅनमधल्या ठिपक्यासाठी सुई.

म्हणून रिपोर्ट हातात घेण्याआधी वहीत लिहा: मला यात काय अपेक्षित आहे? अपेक्षा लिहिल्याशिवाय वाचलेला रिपोर्ट म्हणजे पत्रिका. काढू तो अर्थ निघतो.

पायरी ६: पत्रिकेवरून आठवलं

१९८८ साली छापून आलेला इसिस-२ नावाचा अभ्यास वॉर्डातल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा. हार्ट अटॅकची शंका असलेले १७,१८७ रुग्ण. ॲस्पिरिन दिलेल्यांत पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने ९.४ टक्के दगावले, न दिलेल्यांत ११.८. 'मृत्यू पाचव्या हिश्शाने घटले' असंही हे सांगता येतं, आणि 'शंभरांना दिलं तर दोन-तीन जण जास्त वाचले' असंही. दोन्ही खरं. चकचकीत माहितीपत्रकावर नेहमी पहिलं वाक्य असतं, मोठ्या अक्षरात. तुम्ही पेन घेऊन समासात दुसरं लिहायचं. आणि हेही बघायचं, की ॲस्पिरिनसारख्या स्वस्त गोळीसाठी शंभरात दोन-तीन ही संख्या मुळीच लहान नाही. शंकेखोरांना आकडा छोटा दिसला की नाक मुरडायची घाई असते.

याच अभ्यासात एक गंमत आहे. संशोधकांना रुग्णांचे वेगवेगळे गट पाडून निष्कर्ष द्यायला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी जन्मराशीप्रमाणेही गट पाडले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने किंचित तोटाच होतो असं 'दिसलं', बाकीच्यांना घसघशीत फायदा. पुरेसे तुकडे केले की कुठल्यातरी तुकड्यात काहीही दिसतं, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढच्या वेळी कोणी 'एकूणात फरक नाही, पण अमुक वयाच्या स्त्रियांमध्ये मात्र' असं सांगू लागलं, की मिथुन-तूळ आठवा.

दुसऱ्या अभ्यासाचं नाव कास्ट. हार्ट अटॅकनंतर ज्यांचे ठोके अधूनमधून चुकतात ते जास्त दगावतात, मग चुकणारे ठोके औषधाने थांबवले की माणूस वाचेल, असा सरळ हिशोब होता आणि औषधं सर्रास दिलीही जात होती. औषधांनी ईसीजी खरंच सुधारला. पण एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. १९८९ सालीच त्या अभ्यासात ती औषधं देणं थांबवावं लागलं. 'औषधाने काय सुधारावं?' या माझ्या दुसऱ्या प्रश्नामागे हे आहे. ईसीजी की माणूस?

पायरी ७: ओटी आणि हात

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, फार तत्त्वज्ञान लागत नाही. पोटात काहीतरी टाकून जा, हिरव्या कापडाला हात लावू नका, चक्कर येतेय वाटलं की मागे सरकून जमिनीवर बसा. ऑपरेशनआधीची चेकलिस्ट मोठ्याने वाचतात तेव्हा ऐका. २००९ साली आठ शहरांतल्या अभ्यासात ती वापरून मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. २०१४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती लागू झाल्यावर लक्षणीय फरक सापडला नाही. कागद तोच. माझा अंदाज असा, की कुठे वाचतात आणि कुठे नुसत्या खुणा करतात. तुमच्या ओटीत काय चालतं ते तुम्हीच बघा.

हातांबद्दल मात्र शंका नको. १८४७ साली व्हिएन्नात झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. बाळंतिणी जास्त मरत होत्या तो विभाग डॉक्टरांचा आणि विद्यार्थ्यांचा होता. सुइणींच्या विभागात मृत्यू कमी होते. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येणारे विद्यार्थी म्हणजे आपणच. प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात घासा. जुलाबाच्या रुग्णाला, विशेषतः क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जंतूची लागण असलेल्याला हात लावल्यावर साबण-पाणीच हवं. त्याचे बीजाणू अल्कोहोलच्या जेलने मरत नाहीत. आणि स्टेथोही पुसा. तो तर दिवसभर सगळ्यांच्या छातीवरून फिरत असतो.

पायरी ८: पोस्टिंग संपताना

डाव्या पानावर अंदाज आहे आणि उजवं पान कोरं आहे, अशा सगळ्या नोंदी शेवटच्या आठवड्यात काढा. त्या रुग्णांचं पुढे काय झालं ते रेसिडेंटना विचारा. निम्मे घरी गेलेले असतात, काहींचं निदान बदललेलं असतं, आणि ते कोणी आपणहून तुम्हाला सांगत नाही. ज्या रुग्णाच्या खाटेशी रोज बसलात त्याला उद्यापासून येणार नाही हे सांगून या. तो वाट बघतो.

लॉगबुकवर सही शेवटच्या दिवशी घ्यायला जाऊ नका. त्या दिवशी सर कॉन्फरन्सला गेलेले असतात, ही या लेखातली एकमेव गोष्ट जिच्याविषयी माझी खात्री शंभर टक्के आहे. दोन दिवस आधी गाठा, पेन स्वतःचं न्या, आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवा.